मायाप्पाचं वरचं

मायाप्पा फोनवर "आलोच आज्जी" म्हणाला, की समजायचं तो अजून नव्या पेठेतच आहे. "वळलो बगा" म्हणाला, की आत्ता कुठे निघाला. आणि फोन उचललाच नाही, तर फाटकाशी उभा आहे. हे मला उमगेपर्यंत बरेच दिवस गेले. माझी जेवणाची वेळ ठरलेली असते, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आजोबांनी त्यावरून मला आयुष्यभर चिडवलं, पण ती वेळ मोडली नाही. ती मोडली मायाप्पाने.

अद्वैत, परवा तू फोनवर विचारलंस, जेवण घेऊन येणाऱ्याला टिप द्यावी का. तुमच्या न्यूझीलंडमध्ये कुणी देत नाही आणि कुणी मागतही नाही, असं तू म्हणालास. इथे दिली तर लोकांना सवय लागेल, असंही म्हणालास. मी म्हटलं, लिहून कळवते. लिहायला बसले तर टिपेबद्दल काही सुचेना, मायाप्पाच आठवत राहिला. तुम्हा दोघा भावंडांत इराला तो ठाऊक आहे. तू तेव्हा होस्टेलवर होतास, म्हणून तुझ्यासाठी पहिल्यापासून लिहिते.

आजोबा गेल्यानंतर मी एकटीपुरता स्वयंपाक नीट करत नाही, असं तुमच्या बाबाने ठरवलं. मी करत होते. पण एका माणसाची आमटी करायला बसलं की ती चार माणसांची होते आणि मग दोन दिवस तीच पुरते, हे खरं आहे. इराने यावर तोडगा काढला. आठवड्यातून एक-दोनदा ती तिकडे बसून, तुमच्या संध्याकाळी, माझं दुपारचं जेवण मागवायची. कधी इडली, कधी थालीपीठ, एकदा तर पास्ता. जेवण तुमच्या हातचं नसायचं, पण तुम्ही निवडलेलं असायचं. मी डबा उघडताना इरा फोनवर विचारायची, "गरम आहे का?" मी हो म्हणायचे. बहुतेक वेळा ते गरम नसायचं.

पहिल्यांदा मायाप्पा आला तो भर मे महिन्यात. नकाशा सगळ्यांनाच आमच्या मागच्या गल्लीत, पाण्याच्या टाकीपाशी नेऊन सोडतो. बाकीचे तिथून फोन करायचे. हा तिथे उभा राहून फोनशीच भांडत होता, हे मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू येत होतं. "हितं टाकी हाय रं, घर कुटंय?" शेवटी गाडी ढकलत फाटकाशी आला आणि ओरडला, "आज्जी, इडली आलीया!"

त्याचा आवाज माळावरचा होता. समोर उभ्या माणसाशी बोलतानाही तो दोन शेतं पलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायचा. त्या दिवसापासून मी काय खाते हे सगळ्या गल्लीला कळू लागलं. शेजारचे नाना, ते बँकेतून निवृत्त झालेले, संध्याकाळी कुंपणापलीकडून विचारायचे, "काय वहिनी, आज पास्ता का?"

मायाप्पा चाळिशीचा असेल. काटक, उन्हाने रापलेला, मिशा भरघोस आणि पुढचा एक दात तुटका. तो कसा तुटला याच्या त्याने मला निरनिराळ्या हकिकती सांगितल्या, प्रत्येकीत एक एडका होता. वेळ पाळण्यात तो कच्चा होता. सांबार हमखास सांडायचा. चटणीची पुडी विसरायचा आणि "ती हॉटेलवाल्यानंच दिली न्हाई" असं न लाजता सांगायचा. गल्लीतल्या बातम्या मला त्याच्याकडून कळायच्या, आणि माझ्या बहुधा गल्लीला.

त्या पहिल्या दिवशी मी बशीत पैसे काढून ठेवले होते. एवढ्या उन्हात कुणी माझ्यासाठी आलं तर त्याला तसंच पाठवणं मला जमत नाही. मी ते पुढे केले तर म्हणाला, "थांबा आज्जी, जरा दमानं." पाठीवरची पेटी खाली ठेवली. हेल्मेट काढून फाटकाच्या टोकाला अडकवलं. पेटीच्या कप्प्यातून एक टॉवेल काढला, आपल्याकडच्या मागांवर होतो तसला चौकडीचा, आणि आरशाशिवाय, सवयीच्या हाताने डोक्याला गुंडाळला. टोक नीट खोचलं. मग दोन्ही हात पुढे करून पैसे घेतले, कपाळाला लावले आणि कंपनीच्या टी-शर्टाच्या आत, स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवले. टॉवेल सोडला, घडी केली, हेल्मेट घातलं आणि गेला.

मला वाटलं, माणूस नाटकी आहे. पण तो दर वेळी हेच करायचा. पाऊस असो, उशीर झालेला असो, मागे दुसऱ्या गिऱ्हाइकाचं जेवण गार होत असो. शेवटी मी विचारलंच.

"हेल्मेट कंपनीचं हाय," तो म्हणाला. "टॉवेल माजा हाय. मान घ्यायचा तर आपल्या डोक्यानं घ्यावा."

"आणि बोडक्याने घेतलं तर?"

"मग मागितल्यागत वाटतंय की."

टिप हा शब्द त्याने कधी वापरला नाही. तो त्याला 'वरचं' म्हणायचा. हे 'वरचं' काय, ते त्याने एकदा व्हरांड्यात पाणी पिताना सांगितलं. नाना तेव्हा पेपर परत द्यायला आले होते आणि त्यांनीच त्याला डिवचलं होतं.

"काय हो मायाप्पा, कंपनी पगार देत नाही वाटतं?"

"देती की साहेब."

"मग आमच्याकडून कशाला? ही इंग्रजांची घाण आहे. बक्षिसी द्यायची, सलाम घ्यायचा."

"इंग्रज मेंढरं राखत हुते व्हय?" मायाप्पाने अगदी भाबडेपणाने विचारलं. नानांनी परत द्यायला आणलेला पेपर पुन्हा उघडला.

मायाप्पा मंगळवेढ्याकडचा, मेंढपाळाच्या घरातला. त्यांच्याकडे मेंढरं घेऊन गावोगाव फिरतात आणि रात्रीपुरती ती कुणाच्या तरी शेतात बसवतात. लेंड्यांचं खत रानाला मिळतं, त्याबदल्यात शेतकरी ज्वारी देतो. ती ठरलेली असते, त्यावर घासाघीस होते, भांडणंही होतात.

"ती मजुरी," तो म्हणाला. "पर दिस बुडताना त्या घरची मालकीण बांधावर येती. भाकरी आन कालवण घिऊन. तिला कुणी सांगितल्यालं नसतंय. ते झालं वरचं. आमचा बा पटका बांधल्याबिगर त्याला हात लावत न्हाई. एकाद्या गावात बाई आलीच न्हाई, तर ज्वारी मापून घ्यायची आन फुडं जायाचं, बोलायचं न्हाई. पर त्या रानाकडं बा परत वळत न्हाई."

मी माझं मत सांगितलं. कंपनीने माणसाला पोटभर पगार द्यावा, अपघात झाला तर औषधपाणी करावं, गिऱ्हाइकाच्या दयेवर सोडू नये. टिपेमुळे कंपनीला हात झटकायला मोकळीक मिळते. मी हे बरंच मुद्देसूद सांगितलं असणार, वर्गात उभी असल्यासारखं, कारण नाना मान डोलवू लागले.

मायाप्पाने सगळं ऐकून घेतलं. "बराबर हाय आज्जी. ते तुमी कंपनीला सांगा. माजं वरचं कशाला आडवून धरताय?"

त्याचा पगार घरात जायचा: भाडं, किराणा, दोन मुलींची शाळा. बायको सुंदरा टॉवेलच्या कारखान्यात शिवणकाम करायची, तिचाही जायचा. वरच्याला मात्र घरात शिरकाव नव्हता. ते मेंढरांचं होतं.

हे त्याने हळूहळू सांगितलं, पाण्याच्या एकेका तांब्याबरोबर. एका दुष्काळात चारा मिळेना, तेव्हा त्याने आपल्या वाटणीची मेंढरं विकली आणि त्या पैशांची मोटरसायकल घेऊन सोलापूर गाठलं. पुढे त्याच गाडीवर जेवणं पोचवायला लागला. बापाने त्याला अडवलं नाही, पण त्या गाडीवर तो आजवर बसलेला नव्हता. गावी गेल्यावर मायाप्पा म्हणायचा, "बा, चल स्टँडवर सोडतो," तर म्हातारा तिच्याकडे बघून म्हणायचा, "माज्या मेंढरांवर मी बसू व्हय?"

म्हातारा अजून कळपामागे चालत होता. पाय चालतील तोवर कळप ठेवायचा आणि नंतर व्यापाऱ्याला देऊन टाकायचा, असं त्याने सांगून ठेवलं होतं. मायाप्पाने परत यायचं म्हटलं तर त्याची अट होती. "हात हालवत आलास तर गडी म्हणून ये. मेंढरं घिऊन आलास तर मालक म्हणून."

म्हणून मायाप्पा मेंढरं जमवत होता. वरचं पुरेसं साठलं की बाजारातून एक मेंढी घ्यायची आणि बापाच्या कळपात नेऊन सोडायची, पाठीवर लाल रंगाची खूण करून. आज कुणी दिलं, कुणी दार लोटून घेतलं, हे तो सांगायचा ते या हिशेबाने. "त्या बंगल्यातल्या बाईनं दिलं आज. मेंढीचा एक कान झाला म्हणा." आणि मला नेहमी विचारायचा, "आज्जी, बाचं गुडघं दुकत्यात. डॉक्टरला इचारून सांगता का, किती टिकतील?" गुडघे किती टिकतील हे कोणता डॉक्टर सांगणार? पण त्याचा सगळा डाव त्या गुडघ्यांवर होता.

सुंदराला हे नको होतं. ती एकदाच माझ्याकडे आली होती, हळदीकुंकवाला. मी सहज विषय काढला तर ओटीतले तांदूळ सावरत म्हणाली, "आज्जी, त्यांचं काय जातंय बोलायला. घोड्यावर बिऱ्हाड, त्याच्या मागं आमी चालायचं, पावसात दगडाची चूल मांडायची. मोटी पोरगी घोड्याच्या पाठीवर दोन वर्षाची झाली. आता साळंत पयली येती. मी न्हाई जायची." तिचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. मायाप्पालाही वाटत नव्हतं. तीच तर अडचण होती.

आता इराची गोष्ट. तिने टिप फोनवरून, जेवणाच्या पैशांबरोबरच द्यायला सुरुवात केली. मायाप्पा अस्वस्थ झाला. "आज्जी, फोनात वरचं आलंय. पर कुणी दिलं ते दिसना. मी टॉवेल कुणाफुडं बांधू?" मी व्हिडिओ कॉल लावून दिला. तुमच्याकडे अंधार पडत आलेला, इरा ओल्या केसांनी सोफ्यावर बसलेली. मायाप्पाने फोन फाटकाच्या खांबावर टेकवून ठेवला, टॉवेल बांधला आणि त्या पडद्यासमोर दोन्ही हात कपाळाला लावले. इरा आधी हसली आणि मग तिनेही हात जोडले.

"ताई, तिकडं मेंढरं हायत का?" त्याने विचारलं.

इरा म्हणाली, इथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत. मायाप्पाने माझ्याकडे पाहिलं, मी हो म्हटलं. तो व्हरांड्याच्या पायरीवर बसलाच. त्या दिवशी पुढच्या गिऱ्हाइकाचं जेवण पार गार झालं असणार.

मग इरा त्याला मेंढ्यांचे व्हिडिओ पाठवू लागली. हिरव्यागार टेकड्या आणि लोकरीने फुगलेली, पांढरी स्वच्छ मेंढरं. तो ते पुन्हा पुन्हा बघायचा. कौतुक संपलं की खोड काढायचा. "लई माजल्यात. ह्यांना कुणी चालवत न्हाई का?" कुंपणातच चरतात, असं मी सांगितलं. जरा वेळाने म्हणाला, "मग राखणारा कुटं जातोय?" मी म्हटलं, घरीच असतो. त्याला त्या माणसाची दया आलेली दिसली.

वरच्यातून मेंढ्या होतात हे कळल्यावर इराने जे केलं, ते तिनेच करावं. ती रोज काहीबाही मागवू लागली. एक ताक. एक वाटी दही. परत ताक. मायाप्पाच येईल असं तिने धरलं होतं. पण कुणाला पाठवायचं ते फोन ठरवतो. दुसरीच मुलं यायची आणि वरचं घेऊन जायची. मला ताक एवढं सोसत नाही. मी ते कढीपत्त्याला घालत गेले. त्या वर्षी कढीपत्ता गच्चीला टेकला.

एका दुपारी मायाप्पा पेटीशिवायच आला. चेहरा उतरलेला. "बऱ्या हायत न्हवं आज्जी? टपरीवर पोरं म्हनत हुती, विजापूर रोडच्या आज्जीकडं रोज ताकच जातंय. मला वाटलं, अन्न तुटलं."

मी त्याला कढीपत्ता दाखवला. तो इतका हसला की नाना बाहेर आले. मग इराला फोन लावायला सांगून तिला म्हणाला, "ताई, असं न्हाई करायचं. भूक लागल तवा मागवायचं. मी आलो तर माजं, दुसरा आला तर त्याचं. त्याच्या बी घरी काय तरी असलंच की."

अद्वैत, तुझ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथेच कुठेतरी आहे. माझं मत बदललेलं नाही. पगार देणं कंपनीचं काम आहे आणि त्यासाठी भांडायला हवं. पण दारात आलेल्या माणसाला जे द्यायचं, ते त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवू नये. द्यावं, जमलं तर हातात द्यावं, आणि त्याचं तोंड बघून द्यावं. तुमच्याकडे पैशांची रीत नसेल तर पाणी विचारावं.

त्याच्या लाल खुणेच्या मेंढ्या अजून मोजक्याच होत्या, तेव्हा म्हाताऱ्याचे गुडघे थकले. कळप तेव्हा बेगमपूरच्या बाजूला होता. एका सकाळी म्हातारा उठलाच नाही, म्हणजे उठून उभा राहू शकला नाही. मायाप्पाच्या चुलतभावाने लागलीच व्यापाऱ्याला निरोप धाडला. हे सांगायला मायाप्पा आला तेव्हा त्याच्या अंगात कंपनीचा टी-शर्ट नव्हता. डोक्याला पटका होता, खरा, गुलाबी.

"निघालो आज्जी. आज पोचलो तर व्यापाऱ्याला थांबवता यील."

"बाबांनी बोलावलं?"

"न्हाई. पर गडी म्हनून तर यी, म्हनलंय त्यांनी. गडी म्हनून जातो."

"आणि सुंदरा?"

"ती म्हनली, तू जा. पोरी हितंच शिकतील, मी हितंच ऱ्हाते. दिवाळीला यी, म्हनली." मग म्हणाला, "रडली न्हाई. डबा बांधून दिला."

मी आत जाऊन पैसे आणले. त्याने हात मागे घेतले. "आज काय आणलंय मी आज्जी, वरचं घ्यायला?"

मी म्हटलं, उसने घे. मेंढीसाठी घे. गाडीच्या पेट्रोलला घे. तो मान हलवत राहिला. नाना कुंपणाशी उभे राहून हे सगळं ऐकत होते. त्यांनी खिशातून फोन काढला आणि चष्मा वर सारून त्यात बोट फिरवत म्हणाले, "मायाप्पा, मी काहीतरी मागवतो. भजी मागवतो. तू घेऊन ये आणि मग जा." नानांनी तोवर कुणालाही वरचं दिलेलं मला माहीत नाही.

"साहेब, मी सोडलं की ते काम," मायाप्पा म्हणाला. "आता तुमची भजी दुसरा कोन तरी आणंल. त्याला द्या." नानांनी फोन खिशात ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला.

मग त्याने पाणी मागितलं. मी तांब्या दिला, तो उभ्यानेच प्यायला. गाडी सुरू होईना, दोनदा लाथ मारावी लागली.

त्यानंतर तुम्ही मागवलेली जेवणं येतच राहिली. आता येतात ती मुलं चांगली आहेत आणि वेळेवर येतात. पिशवी पायरीवर ठेवतात, तिचा फोटो काढतात आणि मी दार उघडेपर्यंत गेलेली असतात. सांबार सांडत नाही. मी काय खाल्लं हे आता गल्लीत कुणाला कळत नाही. कधी कधी, जेवण येणार नसतं त्या दिवशीही, मी खिडकीतून टाकीकडे बघत उभी राहते.

गेल्या हिवाळ्यात मंगळवेढ्याला भाचीच्या घरी लग्न होतं. नाना आणि मी गाडी करून निघालो. बेगमपूरच्या पुलाच्या पुढे ड्रायव्हरने ब्रेक लावला. रस्ता भरून मेंढरं चालली होती, काळी, करडी, धुळीने माखलेली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. काहींच्या पाठीवर लाल रंग होता, काहींच्या नव्हता. सगळी एकात एक मिसळलेली. कुठलं कुणाचं ते सांगता आलं नसतं. मागून एक घोडं येत होतं. त्याच्यावर बिऱ्हाड, आणि बिऱ्हाडाच्या वर, पाय सोडून, एक म्हातारा बसला होता.

मायाप्पा सगळ्यांत शेवटी होता. खांद्यावर नुकतं जन्मलेलं कोकरू. वाळला होता. दुसऱ्या हातात फोन धरून त्यात ओरडत होता, "व्हय, पोरीला सांग, परीक्षा झाली की तिचा बा येतोय म्हनून." आमच्या गाडीच्या बॉनेटवर त्याने तळहात ठेवला आणि आत न बघताच ड्रायव्हरला म्हणाला, "जरा दमानं, पाव्हणं. लहान हायत."

नाना म्हणाले, "वहिनी, हाक मारा की."

मी काच खाली केली होती. मेंढरांच्या पायांचा आवाज आत येत होता, पावसाच्या आधी पानं वाजतात तसा. मी हाक मारली असती तर तो थांबला असता, परत फिरला असता, आणि तो फिरला की पुढची मेंढरंही फिरली असती. म्हणून नाही मारली. रस्ता मोकळा होईपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो.